रॅममधला एक बिट अडकला आणि काशीनाथचा झाशीनाथ झाला : ईसीसी मेमरी, कोणाला आणि का हवी?

दप्तरवाला | रविवार, रात्री ११:४०

मंडळी, जरा लांबलचक लिहितोय, पण गेले तीन आठवडे ज्याच्यामागे लागलो होतो ते आज सापडलं आणि कोणाला तरी सांगितल्याशिवाय झोप लागायची नाही.

आमच्या वाड्यात जुनं दप्तर आहे, मोडीतले कागद, खतं, हिशेबाच्या वह्या, पत्रं असं सगळं. चार वर्षं मी ते स्कॅन करतोय, साधारण १९०० पानं झाली. माझे चुलते, त्यांना आम्ही आप्पा म्हणायचो, त्यांना मोडी छान यायची. त्यांनी एकेक कागद वाचून देवनागरीत सूची टाईप केली, कोणाचं नाव, कुठलं गाव, कशाबद्दल, कुठलं साल. आप्पा गेल्या वर्षी गेले. म्हणजे परत कागद वाचायला आता घरात कोणी नाही, ती सूची म्हणजेच आमचा ठेवा.

हे सगळं एका सेकंडहँड पीसीवर आहे. दीड वर्षापूर्वी त्यात रॅम वाढवली, तीही वापरलेलीच घेतली, दुकानदार म्हणाला चेक केलीय. त्यानंतर मी सगळ्या जुन्या याद्या एकत्र करून, नावाप्रमाणे लावून परत सेव्ह केल्या. आणि गेल्या महिन्यात बॅकअप घेताना सहज चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला पडताळ्याचा आकडा) ताडून बघितले तर काही फाइल जुळेचनात. एकच फाइल दोनदा कॉपी केली तर दोन वेगवेगळे चेकसम. उघडून वाचायला लागलो तर 'काशीनाथ'च्या जागी 'झाशीनाथ'. दुसरीकडे 'तात्या'चं 'बात्या'. मध्येच एखादं चिनी अक्षर, मध्येच एखादं उडिया. आधी वाटलं आप्पांचं टायपिंग, पण दोन वर्षांपूर्वीच्या पेनड्राइव्हवर तेच नाव स्वच्छ आहे. मग वाटलं फाँटचा घोळ. फाँट बदलले, हार्डडिस्क बदलली, साटाची केबल बदलली, व्हायरस स्कॅन केला. शेवटी काल रात्री मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासायचा प्रोग्रॅम, लावून ठेवलं आणि सकाळी बघतो तर स्क्रीन लाल ओळींनी भरलेली.

मला राग ह्याचा येतोय की दीड वर्ष हे मशीन गप्प होतं. हँग नाही, निळा स्क्रीन नाही, काही नाही. नावं बदलत राहिलं आणि मला 'सेव्ह झालं' असं सांगत राहिलं. सर्व्हरला म्हणे ईसीसी मेमरी असते जी अशा चुका पकडते आणि दुरुस्तही करते. मग ती आपल्या पीसीला का नसते? आणि ती लावली असती तर हे टळलं असतं का? जाणकारांनी सांगा.

मुळाक्षर | रविवार, रात्री ११:५८

दप्तरवाला, वाचून वाईट वाटलं. एक सांगा, मेमटेस्टमध्ये चुकलेल्या बिटांचा (बिट म्हणजे ० किंवा १ ठेवायचं एक घर) जो रकाना असतो त्यात काय दिसतंय? आणि झ, ब सोडून अजून कुठली अक्षरं बदललीयत?

दप्तरवाला | सोमवार, पहाटे १२:१०

सगळ्या ओळीत नुसती शून्यं आणि एकाच जागी ८. क चा झ, त चा ब एवढेच सापडले आत्तापर्यंत. उलटं, म्हणजे झ चा क, असं कुठेच नाही. हे मलाही विचित्र वाटलं.

मुळाक्षर | सोमवार, पहाटे १२:४५

विचित्र नाही, तिथेच सगळं उत्तर आहे. बोटांवर मोजा. क ख ग घ ङ च छ ज झ. क पासून झ बरोबर आठ घरं पुढे. आता त थ द ध न, मग युनिकोडमध्ये नुक्तावाला ऩ असतो तो धरायचा, मग प फ ब. परत आठ. युनिकोडने आपली वर्णमाला ओळीने नंबर देऊन मांडलीय, आणि तुमच्या रॅममध्ये आठ किमतीचा जो बिट आहे तो एका जागी कायमचा १ वर अडकलाय. तिथे आधीच १ असेल तर काही बिघडत नाही, ० असेल तर त्याचा १ होतो आणि अक्षर आठ घरं पुढे सरकतं. म्हणून क चा झ होतो पण झ चा क कधीच होणार नाही.

चिनी आणि उडियाचं कोडंही त्याच बिटात सुटतं. युटीएफ-८ मध्ये, म्हणजे हे नंबर फाइलमध्ये साठवायच्या पद्धतीत, देवनागरीचं एक अक्षर तीन बाइटचं असतं, आठ बिटांचा एक बाइट. अडकलेला बिट तिसऱ्या बाइटवर आला तर क चा झ. दुसऱ्या बाइटवर आला तर क चा थेट उडियातला क होतो, कारण उडियाचा ठोकळा बरोबर तेवढ्याच अंतरावर आहे. आणि पहिल्या बाइटवर आला तर अक्षर उडून चिनी लिपीच्या मुलखात जातं. म्हणजे फाँट, डिस्क, केबल सगळे निर्दोष. रॅमच्या एका चिपचा एक तुकडा मेलाय बस.

पण ह्यातली काळजीची गोष्ट नीट बघा. चिनी आणि उडिया अक्षरं डोळ्याला टोचतात, ती तुम्ही पकडाल. झाशीनाथही पकडाल. धोका त्या चुकीचा आहे जी चुकून बरोबर दिसते.

शंकेखोर | सोमवार, सकाळी ९:२०

सगळं मान्य, पण ही खराब रॅमची केस आहे. रॅम खराब असेल तर बदला, त्यासाठी सरसकट ईसीसी कशाला पाहिजे? वीस वर्षं मी साधी रॅम वापरतोय, एकदाही डेटा गेला नाही. कॉस्मिक रे, म्हणजे अवकाशातून येणारे कण, येऊन बिट उलटतो वगैरे विमान नाहीतर सॅटेलाइटसाठी ठीक आहे, घरी कशाला त्याची चिंता?

रानवारा | सोमवार, सकाळी १०:०५

शंकेखोर, 'एकदाही गेला नाही' हे तुम्हाला कसं कळलं? दप्तरवाल्यांनाही दीड वर्ष असंच वाटत होतं ना. साध्या रॅममध्ये मोजायची सोयच नसते, त्यामुळे चूक झाली नाही आणि चूक दिसली नाही ह्यातला फरकच कळत नाही.

मी एका संस्थेत क्लस्टर सांभाळतो, म्हणजे एकत्र जोडलेली बरीच मशीन, एकेका मशीनला नोड म्हणतात. सगळ्या नोडला ईसीसी, आणि रोज सकाळी चहाच्या आधी मी दुरुस्त झालेल्या एररचे आकडे बघतो. बहुतेक नोडवर महिनोन्‌महिने शून्य. पण रॅमची एखादी स्टिक (पट्टी) बिघडायला लागली की तिच्यावरच रोज दहा, पन्नास, हजार असं चढत जातं. गूगलने २००९ मध्ये आपल्या सर्व्हरचा अडीच वर्षांचा डेटा छापला होता, त्यातही हेच चित्र. वर्षभरात ८ टक्क्यांहून जास्त स्टिकवर निदान एक तरी एरर आणि मशीनचं म्हणाल तर साधारण एक तृतीयांश. आणि त्या चुका बऱ्याच अंशी त्याच त्या स्टिकवर परत परत येत होत्या, म्हणजे आकाशातून पडणाऱ्या कणांपेक्षा चिपमधला कायमचा बिघाड हा मोठा गुन्हेगार निघाला. तोपर्यंत बहुतेकांची समजूत उलटी होती.

त्यामुळे 'ही खराब रॅमची केस आहे' हे बरोबरच, पण खऱ्या जगात बहुतेक केस खराब रॅमच्याच असतात आणि ईसीसीचा सगळ्यात मोठा उपयोग तिथेच आहे. रॅम खराब झाली हे ती पहिल्या दिवशी सांगते.

वसुधा_खतावणी | सोमवार, दुपारी २:३०

मी तांत्रिक नाही, बँकेतून रिटायर झालेय, पण वाचता वाचता वाटलं की हे तर आमचं ताळा बघणं झालं. शाळेत गुणाकार केला की नऊचा ताळा बघायचो. ताळा जुळला नाही तर चूक नक्की, पण कुठे आहे ते कळायचं नाही. आणि जुळला तरी खात्री नाही, ५४ च्या जागी ४५ लिहिलं तरी ताळा जुळतो. कॉम्प्युटरमध्ये चूक ओळखायला पॅरिटी म्हणून काहीतरी असतं असं ऐकलंय, तो असाच ताळा का? आणि दुरुस्ती करायची तर चूक कुठे आहे तेही कळायला हवं, ते कसं करतात?

मुळाक्षर | सोमवार, संध्याकाळी ७:१५

वसुधाताई, एवढं नेमकं उदाहरण मला सुचलं नसतं. पॅरिटी म्हणजे अगदी ताळाच. आठ बिटांमागे एक जादा बिट, एकूण १ ची संख्या सम ठेवायची. एक बिट उलटला की कळतं, दोन उलटले की ताळा जुळून जातो, तुमच्या ५४-४५ सारखा. आणि कुठला उलटला ते कधीच कळत नाही.

तुम्ही बँकेत उभी आणि आडवी बेरीज मारायचात ना? आडव्या बेरजेत तिसरी ओळ जुळत नाही, उभ्या बेरजेत पाचवा रकाना जुळत नाही, म्हणजे चूक तिसऱ्या ओळीच्या पाचव्या रकान्यात. चुकीचा पत्ता दोन ताळ्यांच्या छेदावर सापडला. रिचर्ड हॅमिंग नावाच्या गणितज्ञाने हाच विचार पुढे नेला. बेल लॅब्समध्ये १९४७ च्या सुमारास तो शनिवार-रविवारी रिलेच्या (विजेने उघडझाप होणाऱ्या स्विचांच्या) मशीनवर गणितं लावून जायचा. मशीनला चूक पकडता यायची, पण सुट्टीच्या दिवशी दुरुस्त करायला माणूस नसल्याने ते त्याचं काम टाकून पुढच्या कामाला लागायचं. सोमवारी येऊन बघावं तर हातात काही नाही. तो वैतागला की मशीनला चूक झाल्याचं कळतं तर चूक कुठे आहे तेही का कळू नये. १९५० मध्ये त्याचा पेपर आला.

युक्ती हातानं करून बघण्यासारखी आहे, वही घ्या. सात घरं आखा, १ ते ७ नंबर द्या. १, २ आणि ४ ही घरं ताळ्याची, बाकीच्या ३, ५, ६, ७ मध्ये आपला डेटा. समजा डेटा आहे १०११, म्हणजे घर ३ मध्ये १, घर ५ मध्ये ०, घर ६ मध्ये १, घर ७ मध्ये १. आता घर १ चा ताळा १, ३, ५, ७ ह्या घरांवर लक्ष ठेवतो, घर २ चा ताळा २, ३, ६, ७ वर आणि घर ४ चा ताळा ४, ५, ६, ७ वर. प्रत्येक गटातली १ ची संख्या सम व्हायला हवी. हिशेब केला की घर १ मध्ये ० येतो, घर २ मध्ये १, घर ४ मध्ये ०. पूर्ण ओळ झाली ० १ १ ० ० १ १.

आता कोणीतरी येऊन घर ६ मधला १ पुसून ० केला. तपासा. १ चा गट जुळतो. २ चा गट जुळत नाही. ४ चा गट जुळत नाही. न जुळलेल्यांची बेरीज करा, २ अधिक ४ बरोबर ६. चूक सहाव्या घरात! तिथला ० परत १ करा, झालं. मी पहिल्यांदा हे कॉलेजात वहीवर केलं तेव्हा प्रत्येक घरातला आकडा आलटून पालटून बदलून सगळ्या सात वेळा करून बघितलं होतं, इतकं आवडलं होतं.

वसुधा_खतावणी | सोमवार, रात्री ८:५०

मी आत्ता वहीवर सातही केले. ताळ्याचंच घर बिघडलं तरी पत्ता बरोबर येतो!! फारच सुंदर आहे हे. पण चार आकड्यांसाठी तीन ताळे म्हणजे खर्चिक नाही का?

सोल्डर | सोमवार, रात्री १०:३०

खर्चिक आहे, पण डेटा जितका रुंद घ्याल तितका तो खर्च कमी होत जातो. ६४ बिटांसाठी पत्ता सांगायला ७ ताळे पुरतात, वर एक जादा ताळा लावला की दोन बिट एकदम उलटले तर दुरुस्त नाही तरी निदान कळतं. एकूण ८. म्हणून ईसीसीची जुनी स्टिक ७२ बिट रुंद असते. हातात घेऊन मोजायची झाली तर साध्या स्टिकवर एका बाजूला आठ काळ्या चिप असतात, ईसीसीवर नऊ. ती नववी चिप म्हणजे वसुधाताईंचा ताळ्याचा रकाना.

मी बेंगलोरला मेमरी व्हॅलिडेशनमध्ये, म्हणजे मेमरीच्या तपासणीच्या कामात आहे, बारा वर्षं हेच करतोय, त्यामुळे ह्या विषयावर जरा जास्त बोलेन, सांभाळून घ्या.

शंकेखोर, कॉस्मिक रे ही फक्त विमानाची गोष्ट नाही. इंटेलच्या मे आणि वुड्स ह्या दोघांनी १९७८ मध्ये दाखवलं की चिपच्या पॅकेजिंगच्याच मालात युरेनियम-थोरियमचा अतिसूक्ष्म अंश होता, त्यातून निघणारे अल्फा कण बिट उलटवत होते. म्हणजे शत्रू आकाशात नाही, डबीतच होता. मग पॅकेजिंगचा माल शुद्ध करत गेले, तो त्रास बराच कमी झाला. त्याच्या आधी १९७६ मध्ये पहिला क्रे-१ सुपरकॉम्प्युटर अमेरिकेत लॉस अलामोसला बसवला, ते गाव समुद्रसपाटीपासून २००० मीटरच्या वर आहे आणि उंचीवर आकाशातून येणारे कण जास्त. मेमरीत फक्त पॅरिटी होती, सहा महिन्यांत १५२ एरर. पुढच्या क्रे मशीनना दुरुस्ती करणारा कोड घातला. आणि बेल्जियममध्ये २००३ च्या निवडणुकीत स्खारबेक इथे मतदान यंत्राने एका उमेदवाराला ४०९६ मतं जादा दिली. ४०९६ म्हणजे दोनचा बारावा घात, एक बिट उलटल्याची सहीच. पकडली गेली कारण तेवढी मतं मिळणं शक्यच नव्हतं. मुळाक्षर म्हणाले तेच, त्याच यंत्रात खालचा एखादा बिट उलटून ६४ मतं वाढली असती तर कोणाच्या लक्षात आलं असतं?

कोकणकडा | मंगळवार, दुपारी १२:४०

मस्त चर्चा चाललीय. मी जर्मनीत असतो, घरी फोटोंसाठी नॅस (घरच्या नेटवर्कवरचा साठवणीचा पीसी) बांधायचा विचार आहे. दुकानवाला म्हणतो डीडीआर५, म्हणजे रॅमची नवी पिढी घ्या, त्यात ईसीसी आतच असते, वेगळी घ्यायची गरज नाही. हे खरं आहे का?

सोल्डर | मंगळवार, रात्री ९:१०

ह्याच प्रश्नाची वाट बघत होतो. अर्धं खरं आहे आणि अर्ध्या खऱ्याचाच त्रास जास्त.

डीडीआर५ च्या प्रत्येक चिपच्या पोटात कोड असतो, १२८ बिटांमागे ८ ताळ्याचे बिट, एक बिट चुकला तर आतल्या आत दुरुस्त. पण तो तुमच्यासाठी घातलेला नाही. डीडीआर५ मध्ये बिट साठवणाऱ्या पेशी इतक्या बारीक झाल्या की काही पेशी अधूनमधून चुकणारच हे कारखान्याने धरून चाललंय, ते निस्तरायला हा कोड आहे. चिपमधून निघून प्रोसेसरपर्यंत जाताना वाटेत बिट बिघडला तर त्याला काही कळत नाही. दोन बिट चुकले तर कधी कधी तो तिसऱ्याच चांगल्या बिटाला चूक समजून उलटवतो, म्हणजे दोनाच्या तीन चुका. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, आत काय दुरुस्त केलं ते घरच्या पीसीवर तुमच्यापर्यंत पोचत नाही. रानवारा रोज सकाळी जे आकडे बघतात ते आकडेच नाहीत.

माझं ठाम मत आहे, दुरुस्तीइतकीच दवंडी महत्त्वाची. चूक गपचूप दुरुस्त झाली की स्टिक हळूहळू मरत असल्याचं कोणाला कळत नाही, आणि ज्या दिवशी दुरुस्तीच्या पलीकडे जाईल त्या दिवशी तुम्ही बेसावध असता. आमच्या क्षेत्रात जास्त ताकदीचे कोड शोधायला भरपूर डोकी लागलीयत, पण घरच्या माणसापर्यंत साधी एक ओळ पोचवायची की बाबा रे तुझी दोन नंबरच्या खाचेतली रॅम बिघडायला लागलीय, त्यावर फार थोडं काम होतं.

खरी ईसीसी हवी असेल तर डीडीआर५ मध्येही ती वेगळी घ्यावी लागते. त्यात अजून एक मेख आहे, डीडीआर५ ची स्टिक ३२-३२ बिटांच्या दोन वाटांत विभागलीय आणि साधारणपणे दोन्ही वाटांना आपापले ८ ताळे, म्हणजे ६४ ला १६. आधी आठ चिपमागे एक जादा लागायची, आता दोन. म्हणून किंमतही जास्त बसते.

शंकेखोर | मंगळवार, रात्री १०:००

ठीक आहे, रानवारांचा 'कसं कळलं' हा प्रश्न मला दिवसभर छळतोय, माझ्याकडे उत्तर नाही. पण मग सगळ्या पीसीत का देत नाहीत? फक्त एका चिपचाच खर्च असेल तर मी देईन की.

रानवारा | मंगळवार, रात्री १०:४५

चिपचा खर्च हे अर्धं कारण. उरलेलं अर्धं बाजाराचं. इंटेलने बरीच वर्षं ईसीसी मुख्यतः झिऑन ह्या सर्व्हरच्या आणि काही स्वस्त प्रोसेसरमध्ये ठेवली, मधल्या आय५-आय७ वाल्यांना नाही. सर्व्हर घेणारा जास्त पैसे देतो, त्याने स्वस्तातला डेस्कटॉप घेऊन काम भागवू नये म्हणून मध्ये कुंपण. लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सने २०२१ च्या जानेवारीत ह्यावरून इंटेलवर जाहीर तोफ डागली होती, त्याचं म्हणणं होतं की ह्या धोरणामुळे अख्ख्या ईसीसीच्या बाजाराचं नुकसान झालं. मला ते पटतं. बाराव्या पिढीपासून डब्ल्यू६८० चिपसेटच्या बोर्डवर बऱ्याच कोअर प्रोसेसरना चालते, पण ते बोर्ड महाग. एएमडीने रायझनमध्ये ती बंद केली नाही, पण बोर्डवाल्याने साथ द्यायला हवी, आणि ग्राफिक्स आत असलेल्या जुन्या जी मालिकेत प्रो असल्याशिवाय चालत नाही.

कोकणकडा, घेताना दोन गोष्टी. एक, बफर नसलेली ईसीसी स्टिक घ्या. सर्व्हरमधून निघालेल्या रजिस्टर्ड स्टिक स्वस्त दिसतात पण डेस्कटॉप बोर्डात चालत नाहीत, ह्यात खूप जण फसतात. दोन, नुसती स्टिक लावून ईसीसी चालू झाली असं समजू नका. लिनक्सवर डीएमआयडीकोड हा हार्डवेअरची माहिती दाखवणारा प्रोग्रॅम चालवून टोटल विड्थ आणि डेटा विड्थ बघा. डीडीआर४ असेल तर ७२ आणि ६४ यायला पाहिजे. दोन्हीकडे ६४ असेल तर नववी चिप नुसती बसून आहे. मग रासडीमन बसवा, तो एरर नोंदवून ठेवतो.

वसुधा_खतावणी | बुधवार, सकाळी ११:१५

एक शंका. एकाच ६४ च्या ओळीत दोन बिट बिघडले तर दुरुस्ती होत नाही म्हणालात. पण मशीन महिनोन्‌महिने चालू असेल तर आज एक, पुढच्या महिन्यात त्याच ओळीत दुसरा असं साचत जाणार नाही का? जी ओळ कोणी वाचतच नाही तिथे?

सोल्डर | बुधवार, रात्री ८:३०

वसुधाताई, तुम्ही बँकेत होतात ते बँकेचं नशीब! हाच प्रश्न पडून स्क्रबिंग आलं. आपण डाळी-तांदळाला ऊन दाखवतो ना, कीड दिसली म्हणून नाही, लागायच्या आत. तसं मेमरी कंट्रोलर रिकामा असला की एका टोकापासून प्रत्येक ओळ वाचत जातो, एक बिट बिघडलेला सापडला की दुरुस्त करून परत लिहितो, म्हणजे दुसरा यायच्या आत पहिला निघालेला असतो. डीडीआर५ च्या चिपमध्येही ही सोय आलीय, साधारण २४ तासांत अख्खी चिप फिरून यावी अशा हिशेबाने.

आणि एक बिट नाही तर अख्खी चिपच मेली तर? तिथे हॅमिंगचा कोड अपुरा, कारण एका चिपचे चार-आठ बिट एकदम जातात. आयबीएमने १९९७ मध्ये चिपकिल नावाने उपाय आणला. त्यात सुट्या बिटाऐवजी चिपच्या आख्ख्या गटाला एक अक्षर धरून ताळा मांडतात, सीडीवर ओरखडा आला तरी गाणं वाजतं ते ज्या जातीच्या कोडमुळे तीच जात. एक चिप पूर्ण बंद पडली तरी सर्व्हर चालू राहतो आणि तुम्ही सावकाश स्टिक बदलता.

पण मी ईसीसीला रामबाण म्हणणार नाही. २०१४ मध्ये कार्नेगी मेलनच्या गटाने रोहॅमर दाखवलं, मेमरीची एकच ओळ लाखो वेळा भराभर उघडझाप केली की शेजारच्या ओळीतले बिट उलटतात, त्यांनी १२९ स्टिक तपासल्या, त्यातल्या ११० मध्ये जमलं. हे अपघाताने नाही, मुद्दाम करता येतं. २०१८ मध्ये ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी ईसीसी असतानाही ते करून दाखवलं, कारण तीन बिट ठरवून उलटवले की ताळा फसतो. म्हणजे घुसखोराने ५४ चे ४५ मुद्दाम केले. त्यावर आता चिपमध्येच प्रत्येक ओळ किती वेळा उघडली ते मोजायची व्यवस्था येतेय, २०२४ मध्ये डीडीआर५ च्या मानकात ती घातली. माझं सध्याचं काम त्याच्याच आसपास आहे म्हणून ह्यापुढे लिहीत नाही.

शंकेखोर | गुरुवार, सकाळी ८:००

रात्री मेमटेस्ट लावलं होतं. चार फेऱ्या झाल्या, एकही एरर नाही. तरी पुढचं मशीन ईसीसीचंच घेणार.

दप्तरवाला | शनिवार, रात्री ११:२०

सगळ्यांचे मनापासून आभार. आठवडाभरात काय केलं ते सांगतो.

खराब स्टिक काढली, वर लाल पेनाने फुली मारून ठेवलीय म्हणजे चुकून परत कोणी लावायला नको. रानवारांनी व्यनित (खाजगी निरोपात) सांगितल्याप्रमाणे एक जुनं झिऑनचं वर्कस्टेशन घेतलं, डीडीआर३ ईसीसी, स्टिकवर चिप मोजून घेतल्या, नऊ आहेत. टोटल विड्थ ७२ येतेय. रासडीमन चालू, रोज सकाळी आकडा मेलने येतो, आत्तापर्यंत शून्य.

मग मुळाक्षरांच्या आठ घरांवरून एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. सूचीतला प्रत्येक शब्द घ्यायचा, त्यातलं जे अक्षर आठ घरं मागून आलेलं असू शकतं ते मागे नेऊन बघायचं आणि दोन्ही रूपं माझ्यासमोर ठेवायची. पेनड्राइव्हवरच्या प्रतीशी ताडून ३७ जागा सापडल्या, सगळ्या दुरुस्त केल्या.

पण आप्पांनी शेवटच्या सहा महिन्यांत जे टाईप केलं ते पेनड्राइव्हवर नाही, ते ह्याच रॅममधून गेलंय. त्यातल्या बहुतेक जागा स्कॅन बघून सोडवल्या, मोडी येत नसलं तरी आधीच्या कागदातलं तेच नाव शेजारी ठेवून अक्षर जुळवता येतं. एक जागा अडलीय. एका वाटणीपत्रात एका बाईचं नाव सूचीत 'बानूबाई' आहे. प्रोग्रॅम म्हणतो ते 'तानूबाई'ही असू शकतं. दोन्ही नावं आमच्या भागात खरीखुरी आहेत. आणि कागदावर नेमक्या त्या जागी घडी आहे, वाळवीने भोक पाडलंय, पहिलं अक्षर नाहीच. आप्पांनी ते पुढच्या-मागच्या कशावरून तरी ओळखलं असणार. काय ओळखलं होतं ते फक्त त्या एका बाइटमध्ये होतं.

मुळाक्षर | शनिवार, रात्री ११:४५

त्याच बाईचं नाव दुसऱ्या कुठल्या कागदात येतं का? सासरचं, माहेरचं?

वसुधा_खतावणी | रविवार, सकाळी ७:५०

दप्तरवाला, वाटणीपत्राचं साल काय आहे? बाई त्या गावातच वारल्या असतील तर कोतवाल बुकात जन्ममृत्यूची नोंद असू शकेल. तहसील कचेरीत अर्ज करून नक्कल मिळते. माझ्या आजेसासूबाईंचं नाव आम्ही तसंच शोधलं होतं.

दप्तरवाला | रविवार, सकाळी ९:३०

साल १९०८ आहे. वसुधाताई, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. सोमवारी रजा टाकून तहसीलला जातो. तोपर्यंत सूचीत त्या जागी 'ता/बा' असं दोन्ही लिहून ठेवलंय, आणि शेजारी का ते लिहिलंय.